पाहुण्याच्या मुंबईतून गेलेलं

पाटी. मालवणी खाणावळीच्या दाराशी टांगलेली काळी पाटी, तिच्यावर खडूनं लिहिलेलं: सुरमई, बांगडा, मांदेली, तिसऱ्या. संपलेल्या नावावर ओल्या बोटानं आडवी रेघ. मुंबईत नव्यानं आलेल्या माणसाला या पाटीवरून आत काय मिळेल ते कळायचंच, शिवाय आज बोटींना काय मिळालं तेही कळायचं. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा पाटीवर सुकट, सोडे आणि सुका बांगडा. नारळी पौर्णिमा झाली की पाटी हळूहळू भरत जायची. आता प्लास्टिकच्या वेष्टनातलं कार्ड येतं. त्यात पापलेट बारा महिने असतं. ते कुठल्या बंदरावरून आलं, बर्फात किती दिवस होतं, हे कार्डावर नसतं, आणि विचारलं तर वाढणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मुंबई दाखवणारा मामा. हा बहुतेकांना असे. सख्खा नसला तर आईचा मावसभाऊ, तोही नसला तर गावातल्या शेजाऱ्याचा कुणी. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथं दीड खोलीत राहणारा. गिरणीत, पोस्टात, बेस्टमध्ये किंवा कुठल्याशा पेढीवर नोकरीला. मे महिन्यात आलेल्या भाचरांसाठी तो एक रजा टाकी. त्या दिवसाचा मार्ग ठरलेला. सकाळी राणीची बाग, तिच्याच आवारालगतचं म्युझियम (आता ते भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ पासून लोकांना खुलं), मग गेटवे, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय, आणि दिवेलागणीला चौपाटीवर भेळ.

खिसा बेताचा होता म्हणूनच मामाला शहर बारकाईनं ठाऊक होतं. कुठल्या उपाहारगृहात मिसळीवर रस्सा पुन्हा मागता येतो, पियुष कुणाकडं दाट, एक थालीपीठ दोन बशांत मागितलं तर कुठला वेटर कपाळाला आठी घालत नाही, साबुदाणा वडा किती वाजता कढईतून निघतो. ही माहिती त्यानं पैशापैशानं जमवलेली होती आणि ती तो भाचरांना फुकट देई. मुलं चालून थकली की कुठं पाणी मिळेल, कुठल्या देवळाच्या ओट्यावर बसलं तर कुणी उठवत नाही, हेही त्यात आलं. पुस्तकात हे नसतं. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचें वर्णन’ लिहून शहर पहिल्यांदा मराठीत वाचकांपुढं ठेवलं. त्यानंतर स्टेशनवरच्या स्टॉलांवर नकाशे आणि माहितीपुस्तकं पुष्कळ आली. पण बारा वर्षांच्या पोरीला भूक लागायच्या आधी भुकेची वेळ ओळखणारा फक्त मामा.

हा मामा आता बदलापूरला राहतो, विरारला राहतो. चाळ पडली, तिथं टॉवर उभा राहिला. कुणी वाट्याची रक्कम घेतली, कुणी आधीच खोली विकून मुलीचं लग्न केलं. त्याच्याकडं उतरलेल्या पाहुण्याला चौपाटी गाठायची तर दीड तास लोकलमध्ये उभं राहायचं. मामाच्या मुलाला गिरगाव पाहुण्याइतकंच अनोळखी. मला विचाराल तर मुंबईच्या खाण्याचं सगळ्यांत मोठं नुकसान इथं झालं. हॉटेलं बंद पडतात, दुसरी निघतात. पण त्या हॉटेलांच्या आसपास राहणारी, रोजच्या जाण्यायेण्यात त्यांची पारख करणारी माणसंच साठ किलोमीटर लांब गेली, तर आलेल्या पाहुण्याला कोण सांगणार?

डबल डेकरच्या वरच्या मजल्यावरची पहिली जागा. मुंबईत ही बस १९३७ मध्ये आली, जुन्या डिझेल गाड्यांपैकी शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला धावली. आर. सी. चर्चहून मरिन ड्राइव्हवरून ताडदेवला जाणारी १२३ नंबरची बस म्हणजे साध्या तिकिटात समुद्राची पूर्ण कमान. उघड्या खिडकीतून वारा येई आणि वाऱ्याबरोबर खालचा रस्ता: तळण, उदबत्ती, मोगरा, कोळंबीची ओली टोपली. नवी वातानुकूलित डबल डेकर आहे, चांगली आहे, उन्हाळ्यात सुखाची आहे. तिची काच उघडत नाही. एमटीडीसीची उघड्या छताची नीलांबरीही २०२३ मध्येच थांबली.

तारापोरवाला मत्स्यालय, १९५१. बंद. इमारत मोडकळीला आली. गावाकडच्या कित्येकांनी समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा इथं पाहिला.

खाणावळवाली. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत दहा-पंधरा गिरणी कामगार पाळीपाळीनं झोपत. त्यांचं जेवण शेजारच्या खोलीतल्या बाईकडं. ती सातारकडची असली तर भाकरी, आमटी, खरडा. कोकणातली असली तर भात आणि माशाचं कालवण. महिना बांधलेला. गैरहजेरीचे दिवस म्हणजे खाडे, ते महिनाअखेरीस वजा. गावाहून कुणाचा भाऊ किंवा मेहुणा आला की सकाळी पाळीवर जाताना एवढंच सांगायचं, ‘वहिनी, आज एक ताट जास्त.’ पाहुण्याला कुठं जेवायचं हा प्रश्नच पडत नसे. त्याच्या जिभेला ओळखीचं असलेलं जेवण त्याच्या मुक्कामापासून चार दारांवर शिजत असे.

या बायका चुलीशी राबत आणि सावकाराच्या व्याजात अडकत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणलं. मुंबईच्या इतिहासात या कामाला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असं मला वाटतं. गिरण्या कुणाच्या, पुढारी कोण, संप कुणी पुकारला, यावर खूप लिहिलं गेलं. पण अडीच लाख कामगार रोज दोन वेळा जेवत होते ते कुणाच्या हातचं, हे फार कमी जणांनी लिहिलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो रीतसर मागं कधी घेतलाच गेला नाही. कामगार गावी परतले, उधाऱ्या वहीत राहिल्या. मंडळ टिकलं, त्यानं पोळी-भाजीचे डबे आणि मोठ्या जेवणांची कामं घेतली. चाळीतलं ते ताट मात्र गेलं. आज लालबागमध्ये फिरायला येणारा बाहेरगावचा माणूस मसाल्याच्या गल्लीत मिरची-हळद घेतो, गणपतीच्या रांगेत उभा राहतो, आणि भुकेला मॉलच्या वरच्या मजल्यावर जातो. तो मॉलही गिरणीच्याच जमिनीवर.

गावकीची खोली. कोकणातल्या एकेका गावानं वर्गणी काढून मुंबईत घेतलेली. भिंतीला ओळीनं ट्रंका, वर वळकट्या, ग्रामदेवतेचा फोटो. गावाहून निघताना फक्त चाळीचं नाव आणि मजला माहीत असायचा. गोव्याच्या लोकांची तशीच कूड, धोबीतलावच्या जेर महालात त्यातल्या कित्येक होत्या. गावाच्या नावाचा क्लब, आत वेदी, संध्याकाळी लदीनची प्रार्थना, आणि बोटीवर नोकरी मिळेपर्यंत थांबलेले तरुण. काही अजून आहेत, पण बोटीवरची भरती आता तशी होत नाही आणि गोव्याहून मुंबईला यायला रात्रभराची बसही पुरते. या खोल्यांत राहिलेल्या माणसाला शहरातलं पहिलं जेवण गावच्याच चवीचं मिळे, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला बाहेर नेऊन पहिला ब्रून मस्का खायला घाली. आधी ओळखीचं, मग अनोळखी. शहरात शिरायची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

लॉजिंग-बोर्डिंग. क्रॉफर्ड मार्केटसमोरचं सरदारगृह. लोकमान्य मुंबईत असले की तिथं उतरत, आणि तिथंच १ ऑगस्ट १९२० ला गेले. राहण्याच्या दरात जेवण धरलेलं, पंगतीला कोर्टाच्या कामाला आलेले वकील, परीक्षेला आलेली मुलं, माल घ्यायला आलेले दुकानदार एकत्र. शेजारच्या पाटावर बसलेला माणूसच सांगे की संध्याकाळी कुणाचं व्याख्यान आहे आणि कुणाचं गाणं.

‘ब्राह्मणांची खाणावळ’, ‘मराठा खाणावळ’ अशा पाट्या. गेल्या. पाहुण्याला शहर सांगणारी ती जुनी माणसं पहिला प्रश्न विचारत तो ‘कुठले?’, आणि त्यामागून न विचारलेला दुसरा असे. ज्याच्या उत्तरानं पंगत बदलत असे, त्याला गावकीच्या खोलीतही जागा वेगळी किंवा नाहीच. या यादीतली ही नोंद फक्त नोंद म्हणून. तिच्यासाठी हळहळ नाही.

कोपऱ्यावरचा इराणी. दोन रस्त्यांना दोन दारं, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीला आरसे. धोबीतलावचं क्यानी १९०४ चं, ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. क्यानीच्या समोरचं बस्तानी बंद झालं, ज्याच्या सूचनांच्या पाटीवर निस्सीम इझिकेल यांनी कविता केली. दर काही वर्षांनी आणखी एकाच्या जागी बँकेचं एटीएम किंवा औषधांचं दुकान येतं.

पाहुण्यासाठी इराणी म्हणजे चहाइतकीच चौकशीची जागा. गल्ल्यावर बसलेल्या मालकाला दोन्ही रस्ते दिसत, त्यामुळं त्याला आळीतलं सगळं ठाऊक. शेजारी नाणं टाकायचा लाल फोन, त्याच्याखाली जाड डिरेक्टरी. इथं पत्ता विचारता येई, नातेवाइकाच्या ऑफिसात फोन लावता येई, आणि एक चहा घेऊन तो येईपर्यंत तासभर बसता येई. पिशवी टेबलाखाली ठेवून बसलेल्या माणसाला कुणी हटकत नसे. रस्त्यावरून थेट येऊन थोड्या पैशांत हक्कानं बसता येईल, अशी छपराखालची जागा आता शहरात शोधावी लागते. पहाटे लवकर गेलं तर मेरवानचा मावा केक मिळे, उशीर झाला तर रिकामा ट्रे. त्या केकसाठी पहाटेच्या गाडीनं उतरून घरी न जाता आधी रस्ता ओलांडणारी माणसं मी पाहिली आहेत.

ब्रिटानियाचे बोमन कोहिनूर २०१९ मध्ये सत्त्याण्णव वर्षांचे होऊन गेले. नव्वदी ओलांडल्यावरही ते टेबलाटेबलाशी येत, बोलत, काय घ्यावं ते सुचवत. बेरी पुलाव आजही मिळतो, वर आंबट लाल इराणी बेरी असतात. हॉटेलाच्या मालकानं स्वतः उठून परक्याला जेवणाविषयी सांगायचं, हे एका माणसाबरोबर बरंचसं संपलं.

इराण्यातली फॅमिली रूम. लाकडी फळ्यांची कोठडी, दाराला पडदा. एकटीनं शिरलेल्या बाईला तिकडंच पाठवत. पंख्याचा वारा पोचत नाही, रस्ता दिसत नाही, वेटरला हाक मारायला पडदा सारायचा. हीही गेली आणि बरं झालं.

यादी पाठ म्हणणारा वेटर. उडुप्यांच्या हॉटेलात टेबलाशी उभा राहून, नजर दाराकडं ठेवून, इडली-मेदूवडा-साधा-मसाला-रवा-उत्तप्पा असं एका दमात. त्यात कार्डात नसलेलं एखादं शेवटी येई. ते मागवावं, असं जाणते सांगत, कारण ते त्या दिवशी थोडंच केलेलं असे. माटुंग्याला स्टेशनजवळ रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून आहे. केळीच्या पानावरचं जेवण आहे, रांगही आहे. तिथं यादी म्हणावी लागत नाही. जे शिजलंय ते वाढतात.

त्या हॉटेलांत फडकं घेऊन टेबल पुसणारा आठ-दहा वर्षांचा पोऱ्या असे. २००६ मध्ये हॉटेलांत आणि घरकामात मुलांना ठेवायला कायद्यानं मनाई झाली. पूर्वीच्या चवी आठवताना तो पोऱ्याही आठवावा.

आरेची काचेची बाटली. स्टेशनाबाहेरच्या केंद्रावर गार ‘एनर्जी’, म्हणजे सुगंधी दूध, घ्यायची, तिथंच उभं राहून प्यायची, बाटली परत द्यायची. परत द्यायची म्हणून तेवढा वेळ थांबावं लागे, आणि तेवढ्या वेळात केंद्रवाल्याला बसचा नंबर विचारून होई. स्टेशनांवर सकाळी नीराही मिळे, ऊन चढायच्या आत प्यावी लागे. दोन्ही ठिकाणी आता बहुधा पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्स.

एक रुपयातली झुणका-भाकर. १९९५ च्या युती सरकारची योजना. टीका पुष्कळ झाली आणि केंद्रांच्या जागा पुढं भलत्याच धंद्यांना गेल्या, हे खरंच. पण राज्याच्या राजधानीत परगावच्या माणसाच्या हातावर त्याच्या घरची भाकरी पडावी, हा विचार कुठल्याही पर्यटन धोरणापेक्षा मला मोठा वाटतो. ज्यांना रुग्णालयाच्या कामासाठी मुंबईला यावं लागतं, ते शहर पाहायला आलेले नसतात, तरी जेवायला त्यांनाही लागतं. केईएम आणि टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर हा प्रश्न रोज उभा असतो.

नाटकांचं पान. शनिवार-रविवारच्या वर्तमानपत्रात जाहिरातींच्या लहान-मोठ्या चौकटी. शिवाजी मंदिर, साहित्य संघ, दीनानाथ, दामोदर. पाहुणा आला की दुपारच्या जेवणानंतर हे पान जमिनीवर पसरलं जाई. काय पाहायचं हे ठरवताना नाटक किती चांगलं याच्याइतकंच परतीची गाडी किती वाजता हे बघत. मध्यंतरातला बटाटेवडा तर नाटकाचाच भाग. घंटा व्हायच्या आत संपवायचा, म्हणून जीभ भाजायची. पान अजून येतं, पण अंगानं वाळलंय.

त्या नावांतलं परळचं दामोदर १९२२ चं. कामगार रंगभूमी तिथं वाढली. दिवसभर गिरणीत उभी असलेली माणसं रात्री त्या मंचावर राजे आणि खलनायक होत, आणि समोर बसलेले बहुतेक त्यांच्याच खात्यातले. गावाकडून आलेल्याला मुंबईचं नाटक म्हणून दाखवलं जाई ते हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झालं आणि पाडायला घेतलं. रंगकर्मी रस्त्यावर उतरले, त्यांचं म्हणणं साधं होतं: नाट्यगृह पाडलंत तर त्या जागी आधी नाट्यगृह उभारा. मला ते सर्वस्वी रास्त वाटतं.

गिरगावातलं मॅजेस्टिक सिनेमा, जिथं १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ लागला. दादरचं चित्रा, २०१९ पर्यंत.

काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रं फुकट बघायची आणि मागच्या अरुंद पडवीत सामोवार कॅफेत बसायचं. १९६४ ते २०१५. चौकातलं वेसाइड इन त्याच्या आधीच गेलं, जिथल्या खिडकीशी बसून अरुण कोळटकरांनी समोरचा रस्ता वर्षानुवर्षं पाहिला. जवळचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद, फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये. चित्रं, चहा, कॅसेट, पुस्तक, सगळं पायी. पुण्या-कोल्हापूरहून कामासाठी आलेला माणूस शेवटच्या गाडीआधीचे चार तास इथं घालवू शके.

अनंताश्रम, खोताची वाडी. आधी कौलारू घरं, लाकडी जिने, क्रूस, तुळस, मग वास. माशाचं जेवण, गप्पांना वेळ नाही. बंद झालं. वाडीतली जुनी घरंही निम्मी उरली नाहीत.

हातातला फोन. तो या यादीत येतो तो वेगळ्या कारणानं. त्यानं खूप दिलं आहे. रात्री दहाला दादरला उतरलेल्या एकट्या मुलीला तो जेवायची जागा दाखवतो, जात विचारत नाही, पडद्याआड बसवत नाही. तेवढ्यासाठी मी त्याची ऋणी आहे. पण तो माझ्यासारख्या सगळ्यांना तीच दहा नावं दाखवतो, म्हणून त्या दहांपुढं रांग आणि अकराव्यात माशा. ज्या बाईच्या खाणावळीला नावाची पाटी नाही, फक्त जिना आहे, ती त्याच्या नकाशावर नाही. आणि दुपारी तीनला त्याला विचारलं की आता काय खावं, तर मी सकाळपासून काय खाल्लंय हे तो विचारत नाही.

अजून न गेलेली कोळीण. माटुंगा पश्चिमेला सिटीलाइट सिनेमाजवळ गोपी टँक मंडईत ती बसते. परगावचा माणूस तिथं नुसता बघायला गेला तरी चालतं. मुंबईत सकाळी बघण्यासारखं याहून चांगलं फार नाही. मासा ओळखता येत नसेल तर तसं सांगावं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्याबरोबर नागपूरची मैत्रीण होती. तिनं बोंबलांकडं बोट दाखवलं. कोळणीनं आधी विचारलं, ‘कुठली गो तू? कुठं उतरलीस? तिथं चूल हाय का?’ चूल आहे म्हटल्यावर बोंबील परत टोपलीत टाकले, मांदेली पुढं केली, पीठ कसलं लावायचं आणि तवा किती तापवायचा ते सांगितलं. ‘बोंबील आज नको. पाणी सुटलंय. परवा ये, ताजा देते.’